मुलांना सुरात गायला शिकवणारी ॲप्स: कुणी वापरली आहेत का? (सांगली-मिरजकरांनी जरूर लिहा)

हळदीचा_वास

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला. लेक आठ वर्षांची, तिसरीत आहे. गाण्याचं वेड भयंकर. अंघोळीला गाणं, गृहपाठाला गाणं, वरणभात कालवतानाही गाणं. फक्त सूर तेवढा लागत नाही. म्हणजे चाल बरोबर असते, शब्द पाठ असतात, पण पेटी एका गावाला आणि ही दुसऱ्या.

मला हे फारसं खुपत नव्हतं. पण शाळेच्या गॅदरिंगला समूहगीतात तिला घेतलं आणि रंगीत तालमीला बाईंनी हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं." घरी येऊन तिनं मला ते अगदी सहज सांगितलं, जणू स्टेजवर कुठं उभं राहायचं ते सांगावं. गॅदरिंगला तिनं फार छान ओठ हलवले. मला मात्र ते बघवेना.

क्लास लावलाय. शनिवार-रविवार, वीस-बावीस मुलं आणि एक पेटी. सगळी एकदम 'सारेगमप' ओरडतात, त्यात हिचं काय चुकतंय ते मास्तरांना तरी कसं कळावं? म्हणून गेले तीन आठवडे मोबाइलवर दोन ॲप वापरून बघतेय. (नावं घेत नाही, कारण पुढं तक्रार करणार आहे.)

पद्धत अशी की फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवायचा. पडद्यावर आडव्या पट्ट्या असतात, ही गायला लागली की तिच्या आवाजाची रेघ सरकत जाते. पट्टीवर आली की हिरवी, सुटली की लाल. पहिल्या दिवशी रेघ नुसती उड्या मारत होती. आठवड्यात 'सा' वर बसायला लागली, दहा-दहा सेकंद हिरवी. मी खूश. मग एका संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली, मी गडबडीत फोन पालथा ठेवला आणि म्हटलं, गा तशीच. सा गेला! फोन सुलटा केला, दोन सेकंदांत सा परत जागेवर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पोरगी कानानं नाही, डोळ्यानं गातेय. व्हिडिओ गेममध्ये गाडी रस्त्यावर ठेवतात तशी रेघ पट्टीवर ठेवतेय.

दुसरी गंमत म्हणजे गंधार, सारेगम मधला ग. तानपुऱ्याच्या ॲपवर सा-प लावून तिला सारेगप म्हणायला लावलं, तर मला आणि तिच्या आजीला गंधार गोड वाटतो, आणि रेघेचं ॲप तो दरवेळी लाल दाखवतं. 'खाली आहे' म्हणतं. आता कुणाचं ऐकू? आजीचं की ॲपचं?

तिसरं, एकदा ही पाणी प्यायला गेली होती आणि ॲपनं रिकाम्या स्वयंपाकघराला शंभरपैकी ८२ मार्क दिले.

---

वडाप_सातारा

रिकाम्या स्वयंपाकघराला ८२! आमच्या पोराला ६१ च्या वर कधी मिळाले नाहीत की राव. त्यापेक्षा तुमचा कुकर सुरात आहे.

मस्करी सोडा. मी साताऱ्याचा, पोरगा दहा वर्षांचा. 'व्होकल पिच मॉनिटर' टाकलंय. त्यात मार्कबिर्क काही नाही, नुसता आलेख सरकतो. तेच बरं. मार्क दिसले की हा गाणं सोडून मार्कांच्या मागं लागतो, आणि कमी पडले की फोन सोफ्यावर आदळतो. सोफा आहे म्हणून ठीक.

---

पेटीवाला_आप्पा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ही सगळी थेरं आहेत. आमच्या वेळी गुरुजी तंबोरा जुळवायचे, आम्ही तासभर नुसता सा लावायचो. चुकलं की गुरुजींची भुवई वर जायची. तेच आमचं ॲप. ज्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, तिथून इतक्या जवळ राहून मुलीला मोबाइलकडून सूर शिकवायचा म्हणजे कृष्णाकाठी राहून बाटलीतलं पाणी विकत घेणं.

आपण पेटी घ्या, पेटीवर एकेक सूर धरा, तिला म्हणायला लावा. गंधाराचा प्रश्नच राहणार नाही.

---

चिंचगूळ

वाचतेय. आमच्याकडेही हेच. वाचनखूण साठवली.

---

खरजपंचम

आप्पा, आदर ठेवून सांगतो, गंधाराचा प्रश्न पेटीनंच तयार होतो. :)

मी मिरजेचा, ध्वनिमुद्रणाचं काम करतो. हळदीताई, तुमच्या सासूबाईंचा कान बरोबर आहे आणि ॲपही खोटं बोलत नाहीये. दोघांची मोजपट्टी वेगळी आहे.

सप्तकाचे, म्हणजे एका सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे, १२०० भाग करतात, त्याला सेंट म्हणतात. पेटीवर, कीबोर्डवर आणि बहुतेक पाश्चात्त्य ॲपमध्ये सप्तकाच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर असतात, प्रत्येकी १०० सेंट. म्हणजे शुद्ध गंधार सा पासून ४०० वर. पण तानपुरा छेडला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येतो. तार कुठलीच गंधारात लावलेली नसते, तरी येतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याचं सा शी नातं ५:४, आणि ते भरतं ३८६ सेंट. पेटीपेक्षा १४ नं खाली.

आकड्यात बघा. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तानपुऱ्याचा गंधार बरोबर ३००. पेटीचा ३०२ च्या थोडा वर. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज 'वँव वँव' हलतो. तुमची लेक तानपुरा ऐकून गात होती, तिचा गळा ३०० कडे ओढला गेला. ॲपला हवा होता ३०२. झाला लाल.

पंचमाला हा त्रास नाही, तिथं फरक फक्त २ सेंटचा. म्हणून तुमचा प हिरवा आणि ग लाल. बरोबर ना?

---

हळदीचा_वास

अगदी बरोबर! प कायम हिरवा असतो. म्हणजे मी तीन आठवडे पोरीला बरोबर गंधारावरून हटकत होते? देवा.

सासूबाईंना वाचून दाखवलं. संध्याकाळपासून त्या माझ्याशी फार प्रेमानं बोलतायत.

---

पेटीवाला_आप्पा

खरजपंचम, हे गणित मला नवीन नाही. पण पेटीवर शिकलेले हजारो लोक सुरात गातात, त्याचं काय? मुलाला आधी ढोबळ सूर तर लागू दे. १४ सेंटची चैन नंतर.

---

खरजपंचम

हे मान्य. ढोबळ सुरासाठी पेटी चालते. फक्त एक सांगतो, ही भांडणं आपल्याच गावची आहेत. कृष्णाजी बल्लाळ देवल, सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचं (सप्तकातल्या बारीक सुरांचं) गणित मांडलं, १९१० साली इंग्रजीत छापलं. त्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा कामी आला. पुढं क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याबरोबर मिळून त्यांनी बावीस श्रुतींची पेटीही करवून घेतली. पंडितांनी ती उचलून धरली नाही ही गोष्ट वेगळी. पण 'यंत्राचा गंधार की गळ्याचा गंधार' हा वाद सांगलीत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. तुमच्या ओट्यावर तो परत आला, इतकंच.

---

वडाप_सातारा

डेप्युटी कलेक्टर आणि श्रुती! आमच्या तलाठ्याला सातबारा नीट लिहिता येत नाही.

---

गाणंबाई_मिरज

उशिरा आले धाग्यावर. मी लहान मुलांना शिकवते. हळदीताई, आधी 'ओठ हलव' बद्दल. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. असं सांगितलेली मुलं मोठी होऊन "मला गाता येत नाही" म्हणत माझ्याकडे येतात, चाळीस-चाळीस वर्षांची. खरंच ज्यांना सूर ओळखताच येत नाही अशी माणसं फार म्हणजे फार थोडी. बाकीच्यांचं काहीतरी एक अडलेलं असतं, ते शोधायचं.

तुमच्या लेकीचं काय अडलं असेल याचा माझा अंदाज सांगते. क्लासमध्ये पेटी कुठल्या पट्टीत असते? बहुतेक मास्तरांच्या सोयीच्या. पुरुष मास्तर असतील तर काळी १ किंवा पांढरी २ मध्ये (पेटीची पहिली काळी, दुसरी पांढरी पट्टी सा धरून) त्यांचा गळा खुलतो, आणि मुलं त्याच्या एक सप्तक वर तरंगत कसाबसा आधार शोधतात. मुलीला सा कुठला घ्यायचा तेच कळत नाही. घरी असं करा: ॲप बंद. तिला तिच्या मनानं 'ऊऽऽ' म्हणू दे, जसा सहज निघेल तसा. तुम्ही तानपुऱ्याचं ॲप तिच्या सुराला लावा, तिला तानपुऱ्याला नाही. बऱ्याचदा काळी ४, पांढरी ६, काळी ५ असं काहीतरी निघेल. त्या दिवशीचा तोच सा. मुलाला पहिल्यांदा कळतं की 'जुळणं' म्हणजे अंगाला कसं लागतं. एकदा ते कळलं की मग सा अर्धा स्वर हलवा आणि म्हणा, आता तू ये.

दुसरं, भोंगा. खालून वर, वरून खाली गळा घसरवत न्यायचा, मिलच्या भोंग्यासारखा. पुष्कळ मुलं बोलायच्या दोन-तीन सुरांतच अडकलेली असतात, गळा वर नेता येतो हेच त्यांना माहीत नसतं. रेघेचं ॲप इथं झकास कामाचं. त्यात डोंगर काढायला लावा. माझ्याकडे एकानं अजिंक्यतारा काढला होता, वरचा मनोरा धरून. (टॉवरला आवाज फाटला.)

आणि एकदा कान तपासून घ्या. सर्दीनं पडद्यामागं पाणी साठलेलं असतं, मळ असतो, आणि आपण म्हणतो पोराला सूर नाही.

---

हळदीचा_वास

गाणंबाई, तुमच्या प्रतिसादाची दोनदा पारायणं केली. क्लासमधली पेटी कायम काळी १ मध्ये असते. आणि सर्दी तर हिला बारा महिने.

---

खरजपंचम

रिकाम्या स्वयंपाकघराच्या ८२ मार्कांचं राहिलंच. तुम्ही तानपुरा त्याच फोनच्या स्पीकरवर लावला होता ना? मग माइकनं तानपुराच ऐकला आणि त्यालाच मार्क दिले. पोरगी गात असतानाही निम्मे मार्क तानपुऱ्याचे. तानपुरा दुसऱ्या फोनवर लावा, लांब ठेवा. नाहीतर वायरवाला इअरफोन, एकाच कानात. दुसरा कान तिच्या आवाजासाठी मोकळा.

ब्लूटूथ नको. त्यात आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा पोचतो. मूल बरोबर वेळी गातं आणि ॲप म्हणतं उशीर झाला. ताना-अलंकारात तर पार विचका.

काही फोन सलग येणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबतात. लांब सा लावला की आलेखाची रेघ मध्येच गायब होते ती त्यामुळं. पोरगी दमली असं नव्हे. सेटिंगमध्ये असलं काही असेल तर बंद करा. आणि रेघ अचानक एक सप्तक खाली पडून परत वर आली तर तीही ॲपचीच गफलत. मूळ सुराऐवजी त्याची निम्मी कंपनं धरली जातात, विशेषतः आवाज बारीक असला की.

---

चिंचगूळ

मी 'रियाज' वापरतेय मुलासाठी. आपल्या पद्धतीचे धडे आहेत, सारेगम, अलंकार, आणि सा आपला आपण ठरवता येतो. आधी ते गाऊन दाखवतं, मग आपण त्याच्या मागून. पैसे भरायचे ते मी भरलेत, वसूल होतायत असं वाटतं. पण पोरगा डोळ्यानं गातो का हे कधी बघितलं नव्हतं. आज फोन पालथा घालणार.

---

चिंचगूळ

घातला. डोळ्यानंच गातो. :(

---

वडाप_सातारा

आमच्यातही पालथा घालून बघितला. पोरगं म्हणतंय, "बाबा, तू गा पालथ्यावर." गायलो. विषय संपला.

---

पेटीवाला_आप्पा

पालथ्या फोनवर गायचं म्हणजे साध्या भाषेत फोनशिवाय गायचं. मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?

---

हळदीचा_वास

आप्पा, पूर्ण तसंही नाही हो. मी आता उलटा क्रम केलाय. आधी फोन पालथा, ती गाते, रेकॉर्ड होतं. मग मी विचारते, "कसा लागला?" ती आपणच सांगते: वर गेला, खाली राहिला, बरोबर. आणि मग फोन सुलटा करून दोघी रेघ बघतो. आता तिला रेघेवर मार्क मिळवण्यापेक्षा आपला अंदाज बरोबर निघण्यात जास्त मजा वाटते. परवा रेघ लाल होती आणि ती म्हणाली, "आई, हे चुकलंय, हा गंधार आहे." ॲपशी भांडायला लागलीय.

तुमच्याकडे गुरुजींची भुवई होती. माझ्याकडे सूर न कळणारी आई आहे, म्हणजे मीच. मला भुवई कधी वर करायची तेच कळत नाही. तेवढ्यापुरतं हे यंत्र.

---

पेटीवाला_आप्पा

हे पटलं. "सूर न कळणारी आई" मात्र पटलं नाही. ज्या बाईला लेकीचा सा गेलेला कुकरच्या शिट्टीत कळला, तिला सूर कळत नाही म्हणणं धाडसाचं आहे.

माझी पेटी २०१९ च्या पुरात भिजली. गणपती पेठेत आमच्या घरात माणूसभर पाणी होतं. सूरपट्ट्या गंजल्या, भात्याला बुरशी. तेव्हापासून झाकून ठेवलीय. वर एवढा जोरात पेटीचा पुरस्कार केला तो त्या रागातून असावा. असो.

---

गाणंबाई_मिरज

आप्पा, पेटी घेऊन या मिरजेला. हात लावणारे आहेत अजून.

आणि हळदीताई, शक्य असेल तर लेकीला एकदा खऱ्या तंबोऱ्यासमोर बसवा. मोबाइलचा तानपुरा रोजच्या रियाजाला चांगला, मीही वापरते, पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. सतारमेकर गल्लीत जा, विकत घ्यायचा नसला तरी कुणी हाकलत नाही.

---

हळदीचा_वास

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

कान दाखवले. एका कानात मळाचा खडा निघाला, डॉक्टरांनी तिला बघायला दिला, तिनं तो डबीत घालून शाळेत नेला. दुसऱ्या कानात काही नाही. मळ काढल्यावर लगेच चमत्कार वगैरे झाला नाही, पण टीव्हीचा आवाज आपणच कमी करायला लागली.

सा सापडला पांढरी ६ मध्ये. क्लासच्या मास्तरांना भीतभीत सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट म्हणाले, "बावीस पोरांच्या बावीस पट्ट्या कुठनं आणू ताई?" खरंय त्यांचंही. आता शेवटची दहा मिनिटं ते मुलांना एकेकटं गायला लावतात, पट्टी बदलून.

आणि मागच्या रविवारी मिरजेला गेलो. गल्लीत एका दुकानात आढ्याला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, म्हणे तिथलेच लागतात. खाली लाकडाचा भुसा, रोगणाचा वास. भिंतीवर मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कात्रण लावलेलं. एक चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडी घासत, बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची, परत कानस. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. आमची लेक भुश्यातच मांडी घालून बसली. शेवटी त्यांनी तारेखाली दोरा घातला आणि नखानं तो केसभर पुढं सरकवला. तोवर टणटण वाजणारी तार एकदम पसरली. दुसरा शब्द सापडत नाही. खोलीभर झाली.

हिनं कुणी न सांगता 'आऽ' लावला. सा नव्हता, तिसराच सूर होता. मी घाबरून तिला गप्प करणार, तर चाचा हातानं मला थांबवून तिला म्हणाले, "वर नगो जाऊ बाळा. हाय तिथंच ऱ्हा." तार छेडत राहिले. तिचा आवाज थोडा हलला आणि मग मला तो ऐकूच येईना, इतका त्यात मिसळला. चाचा म्हणाले, "गंधार हाय."

फोन माझ्या पर्समध्ये होता. रेघ हिरवी आली असती की लाल, काय माहीत.

---

खरजपंचम

लाल. :)

---

पेटीवाला_आप्पा

वा. पेटी दुरुस्तीला टाकली आहे.

---

हळदीचा_वास

आप्पा, मस्त! झाली की कळवा, ऐकायला येतो.

एक राहिलं. १५ ऑगस्टला शाळेत समूहगीत होतं. बाई त्याच. ही तिसऱ्या रांगेत. घरी आल्यावर विचारलं, कसं झालं? बूट काढता काढता म्हणाली, "मी आवाज काढला. बाईंना कळलंच नाही."

---

वडाप_सातारा

हाणला!

---

चिंचगूळ

त्या तंबोऱ्याच्या जवारीला साधारण किती घेतात? आमच्या आजेसासऱ्यांचा एक माळ्यावर आहे.

---

हळदीचा_वास

चिंचगूळ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.